ज्युली अँड्र्यूज (सिनेमावाली नाही, स्टेजवाली): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्युली अँड्र्यूज म्हणजे ती साऊंड ऑफ म्युझिकवालीच ना?

हो, तीच. हिरव्या डोंगरावर हात पसरून गिरकी घेणारी. आपल्याकडे बहुतेकांना ती त्या एका सिनेमामुळे माहितीय, फार तर मेरी पॉपिन्समुळे, आणि आत्ताच्या पोरांना विचाराल तर प्रिन्सेस डायरीजमधली ती राणी आजी नाहीतर ब्रिजर्टनमध्ये ऐकू येणारा लेडी व्हिसलडाऊनचा आवाज. पण ती पडद्यावर पहिल्यांदा दिसली १९६४ मध्ये, आणि तोपर्यंत लंडन आणि न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर तिची सतरा वर्षं झाली होती. म्हणजे बाई मुळात नाटकवाली, सिनेमा नंतरचा. माझं तर स्पष्ट मत आहे की तिचं सगळ्यात मोठं काम आपण कोणी पाहिलेलंच नाही, कारण ते कॅमेऱ्यात फारसं उतरलंच नाही. म्हणून इथे सगळं स्टेजबद्दल, सिनेमा लागेल तिथे लागेल तेवढाच.

म्युझिकल म्हणजे आपलं संगीत नाटकच ना शेवटी?

नात्यातलं आहे पण तेच नाही. दोन्हीकडे नटाला गाता यायला पाहिजे, कथा गाण्यातून पुढे सरकते, इथपर्यंत सारखं. पुढे वाटा वेगळ्या होतात. आपल्या संगीत नाटकात पद रंगलं की वन्समोर, मग नट पुन्हा उभा राहणार, राग फुलवणार, ताना घेणार, आज पाच मिनिटं तर उद्या पंधरा, साथीला ऑर्गन आणि तबला, ते त्याच्या मागे जाणार. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांत, हे चालत नाही. स्टेजच्या पुढे खड्ड्यात अख्खा ऑर्केस्ट्रा बसलेला असतो, प्रत्येक वादकासमोर कागद, कंडक्टरची काठी हलली की सुरू आणि ठरलेल्या मात्रेवर बंद, त्या मात्रेवर नेपथ्य हलणार, लाइट बदलणार, नाचणाऱ्यांची रांग आत येणार. नटाला मोकळीक आहे ती शब्द कसा टाकायचा, श्वास कुठे घ्यायचा, एवढ्यापुरती.

आणि दुसरा मोठा फरक म्हणजे प्रयोगांचा रेटा. आपल्या जुन्या कंपन्या आज सौभद्र, उद्या मानापमान, परवा स्वयंवर असं करायच्या, गावोगाव फिरायच्या. तिकडे एकच नाटक, एकच थिएटर, आठवड्याला ८ प्रयोग, सुट्टी एक दिवस, आणि चाललं तर वर्षानुवर्षं तेच. त्यातले दोन दिवस दुपारचा आणि रात्रीचा असे दोन-दोन. हे ८ प्रयोगांचं गणित लक्षात ठेवा, कारण ज्युलीच्या आयुष्यातल्या चांगल्या आणि वाईट दोन्ही गोष्टी त्याच्याशी जोडलेल्या आहेत.

ती आली कुठून? घरात गाणं होतं का?

जन्म १ ऑक्टोबर १९३५, इंग्लंडमधलं वॉल्टन-ऑन-टेम्स. मूळ नाव ज्युलिया एलिझाबेथ वेल्स. आई बार्बरा पियानो वाजवायची, वडील टेड वेल्स. आईवडील वेगळे झाले, आईने टेड अँड्र्यूज नावाच्या कॅनेडियन गायकाशी लग्न केलं आणि ते दोघं मिळून व्हरायटी शो करायला लागले, म्हणजे एकाच कार्यक्रमात गाणी, जादू, विनोदी स्किट, कसरती सगळं. आडनाव आलं ते या सावत्र वडिलांकडून. गाणं शिकवायला सुरुवातही त्यांनीच केली, आणि पुढे दारूपायी घराची वाट लावली तीही त्यांनीच. ज्युलीने आपल्या आठवणींच्या पुस्तकात हे सगळं लिहिलंय, रडगाणं न करता लिहिलंय. जन्मदाता बाप वेल्स नसून कुटुंबाचा एक ओळखीचा माणूस होता हे आईने तिला चौदाव्या वर्षी सांगितलं, तेही त्यातच आहे.

युद्धाचे दिवस होते, बॉम्ब पडत होते, आणि ही पोरगी आठ-नऊ वर्षांची असताना घरच्यांना कळलं की हिचा आवाज काहीतरी वेगळाच आहे. मग लिलियन स्टाइल्स-ॲलन नावाच्या बाईंकडे रीतसर तालीम सुरू झाली. पाया त्यांनी घातला, ज्युली त्यांचं नाव आयुष्यभर आदराने घेत आलीय. शब्द स्वच्छ, व्यंजनं ठसठशीत, हे जे तिच्या गाण्यात ऐकू येतं ना, की इंग्रजी जेमतेम येणाऱ्या माणसालाही प्रत्येक शब्द कळतो, ते या बाईंचं देणं.

आईवडिलांच्या कार्यक्रमात तिला बिअरच्या खोक्यावर उभं करायचे, माईकपर्यंत पोचावी म्हणून.

पहिला मोठा ब्रेक कुठला?

ऑक्टोबर १९४७, लंडनचं हिप्पोड्रोम, शोचं नाव स्टारलाइट रूफ. नुकती बारा वर्षांची झाली होती. गायली काय, तर मिन्यों या ऑपेरातली एक अवघड फ्रेंच आरिया (म्हणजे एकट्याने गायचं ऑपेराचं गाणं), जिच्यात आवाज पियानोवरच्या वरच्या सी च्याही वरच्या एफ पर्यंत जातो. मोठमोठ्या ऑपेरावाल्या बायका तिथे घाबरतात. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. पुढच्याच वर्षी राजघराण्यासमोरचा कार्यक्रम, लंडन पॅलेडियममध्ये, आणि एवढ्या लहान वयात तिथे एकटीने गाणारी ती पहिलीच.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं म्हणजे राबणं. ख्रिसमसच्या दिवसांत इंग्लंडात पँटोमाइम नावाचे परीकथांचे संगीत खेळ होतात, मुलांसाठी, त्यात हम्प्टी डम्प्टी, अल्लादीन, सिंड्रेला असं सगळं केलं, उरलेलं वर्ष गावोगाव दौरे. रेडिओवर एका शोमध्ये होती ज्यात मुख्य कलाकार बोलक्या बाहुल्यावाला होता. रेडिओवर बोलक्या बाहुल्या! ओठ हलतायत का हे बघायला कोणी नाही, आणि तरी तो कार्यक्रम तुफान चालायचा. असो.

शाळा जवळपास नाहीच. घर तिच्या कमाईवर चालायला लागलं होतं.

अमेरिकेत कशी गेली?

द बॉय फ्रेंड नावाचं एक हलकंफुलकं ब्रिटिश म्युझिकल होतं, १९२० च्या काळाची गंमत करणारं. ते ब्रॉडवेवर न्यायचं ठरलं आणि मुख्य पोरीच्या भूमिकेसाठी तिला विचारलं. ती जायला तयारच नव्हती, घर सोडायची भीती, धाकटी भावंडं. शेवटी वडिलांनी, म्हणजे टेड वेल्सनी, समजावलं. तरी तिने एक गोष्ट पक्की धरली की दोन वर्षांचा करार करणार नाही, एकच वर्ष. निर्माते कुरकुरले पण मान्य केलं.

३० सप्टेंबर १९५४ ला शुभारंभाचा प्रयोग झाला, दुसऱ्या दिवशी तिचा एकोणिसावा वाढदिवस. शो हिट. आणि ते एक वर्षाचं धरून बसणं किती कामाला आलं ते पुढच्या उत्तरात बघा.

माय फेअर लेडीमध्ये असं काय होतं की लोक अजून त्याबद्दल बोलतात?

आधी गोष्ट. लंडनच्या रस्त्यावर फुलं विकणारी गावरान बोलीची एलायझा, आणि तिला शुद्ध बोलायला शिकवून सहा महिन्यांत उच्चभ्रू बाई म्हणून खपवून दाखवतो अशी पैज मारणारा भाषेचा प्रोफेसर हिगिन्स. मूळ नाटक बर्नार्ड शॉचं पिग्मॅलियन. ॲलन जे लर्नर आणि फ्रेडरिक लोव या जोडीने त्याचं म्युझिकल केलं. बॉय फ्रेंडचा करार एकाच वर्षाचा, म्हणून ज्युली नेमकी तेव्हा मोकळी होती. ज्युलीने दुसऱ्याही एका म्युझिकलसाठी ऑडिशन दिली होती, ते रिचर्ड रॉजर्सचं होतं, म्हणजे त्या क्षेत्रातला तेव्हाचा बाप माणूस, आणि त्याने स्वतःच सांगितलं की माय फेअर लेडीकडून बोलावणं आलं तर ते घे. एवढ्या मनाचा निर्माता विरळाच.

तालमी सुरू झाल्या आणि पोरगी पार गडबडली. गाणं चोख, पण अभिनय? तिने तोवर खरी भूमिका अशी केलीच नव्हती, व्हरायटीत गाऊन, वाकून नमस्कार करून आत जायचं एवढंच माहीत. समोर रेक्स हॅरिसन, तिच्या दुपटीपेक्षा जास्त वयाचा, कसलेला नट, आणि तो या नवख्या मुलीवर वैतागलेला. दिग्दर्शक मॉस हार्टने मग एक केलं. बाकी सगळ्यांना दोन दिवस सुट्टी दिली आणि तिला एकटीला घेऊन बसला. ओळ न ओळ, हालचाल न हालचाल. रागावला, नक्कल करून दाखवली, चुचकारलं, परत रागावला. सोमवारी ती परत आली तेव्हा एलायझा सापडायला लागली होती. हे तिने स्वतः अनेकदा सांगितलंय आणि दरवेळी श्रेय हार्टला दिलंय. मला ही गोष्ट फार आवडते कारण आपण प्रतिभा प्रतिभा करत बसतो आणि मधे कोणीतरी दोन दिवस घाम गाळलेला असतो ते विसरतो.

आणखी एक गंमत, लंडनची गावरान कॉकनी बोली तिला शिकवायला जो माणूस ठेवला होता तो अमेरिकन. इंग्लंडची मुलगी, इंग्लंडची बोली, मास्तर अमेरिकेचा.

१५ मार्च १९५६, मार्क हेलिंजर थिएटर, न्यूयॉर्क. ती वीस वर्षांची. त्यानंतर जे झालं त्याला वेड हाच शब्द. २,७१७ प्रयोग, त्या काळातला ब्रॉडवेचा विक्रम. तिकिटं महिनोन् महिने मिळायची नाहीत. गाण्यांची एलपी अमेरिकेत घराघरात गेली, आणि नाटकात पैसा रेकॉर्ड कंपनीच्या मालकांचाच, सीबीएसचा, त्यामुळे त्यांची चांदीच चांदी. (ते थिएटर आता थिएटर राहिलेलं नाही, तिथे चर्च भरतं.)

ही भूमिका गायला एवढी अवघड का मानतात?

कारण ती एका माणसाच्या गळ्यातून दोन माणसं मागते. पहिल्या अंकात एलायझा ओरडते, किंचाळते, घशातून खरखरीत आवाज काढते, संतापून हिगिन्सला शिव्याशाप देणारं गाणं गाते. आणि मग थोड्याच वेळात, त्याच घशाने, आय कुड हॅव डान्स्ड ऑल नाईट सारखं स्वच्छ, उंच, तरंगतं गाणं. आधी ओरडून घसा तापवायचा आणि मग त्यालाच मऊ सुरात गायला लावायचं हे कुठलाही गाणं शिकवणारा माणूस करू देणार नाही. आणि हे आठवड्यातून ८ वेळा. कपाळाला चिकटवायचे ते चिमुकले माईक तेव्हा नव्हते, समोर हजार-दीड हजार माणसं, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचा.

रेक्स हॅरिसनला गाता यायचं नाही, तो तालात बोलून वेळ मारून न्यायचा (आणि तेही इतकं फर्मास की ती शैलीच होऊन बसली). गाण्याचा खरा भार हिच्यावर. न्यूयॉर्कमध्ये दोन वर्षं, मग एप्रिल १९५८ पासून लंडनच्या ड्रुरी लेनला आणखी सव्वा वर्ष. तीन वर्षांच्या वर तीच एलायझा.

आपलं ती फुलराणी याच्यावरूनच ना?

दोघांचं मूळ एक. पुलंनी शॉच्या पिग्मॅलियनवरून ती फुलराणी केलं, १९७५ ला आलं, भक्ती बर्वेंची मंजुळा. त्यामुळे माय फेअर लेडी बघताना मराठी माणसाला अर्धी गोष्ट आधीच पाठ असते. मंजुळाचं ते धडा शिकवण्याचं स्वगत आठवा, तिकडे त्याच जागी एलायझाचं ते संतापाचं गाणं आहे. मला विचाराल तर त्या जागी आपलं स्वगत जास्त झोंबतं, पण ते माझं मत झालं, भांडायला मोकळे आहात.

मग माय फेअर लेडीच्या सिनेमात ऑड्री हेपबर्न का? ज्युलीला का नाही घेतलं?

पैशाचं गणित. सिनेमाचा निर्माता जॅक वॉर्नरने हक्कांसाठीच ५५ लाख डॉलर मोजले होते, एवढा पैसा घातल्यावर त्याला पडद्यावर आधीच नाव असलेली नटी पाहिजे होती, आणि ब्रॉडवेच्या बाहेर छोट्या गावांत ज्युलीला कोण ओळखतं असं त्याचं म्हणणं. हेपबर्नला घेतलं, पण गाणी तिला झेपेनात, मग बरीचशी मार्नी निक्सनच्या आवाजात डब केली. म्हणजे गाता येणारी बाहेर आणि न गाणारीला उसना आवाज. आपल्याला प्लेबॅकची सवय आहे म्हणून यात काही वाटत नाही, तिकडे यावरून बराच गदारोळ झाला.

इकडे वॉल्ट डिस्नेने तिला स्टेजवर कॅमेलॉट नावाच्या तिच्या पुढच्या म्युझिकलमध्ये पाहिलं आणि मेरी पॉपिन्स देऊ केला. ती तेव्हा गरोदर होती, तसं तिने सांगितलं, तर म्हणाला थांबतो. आणि खरंच थांबला. दोन्ही सिनेमे १९६४ ला आले. माय फेअर लेडीला आठ ऑस्कर मिळाली पण हेपबर्नला साधं नामांकन नाही, आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर ज्युलीला, पहिल्याच सिनेमाला. त्याच मोसमात गोल्डन ग्लोब घेताना तिने गोड हसून जॅक वॉर्नरचे आभार मानले, त्याच्यामुळेच हे शक्य झालं म्हणून. वॉर्नर समोरच बसलेला. असा टोला हाणावा तर असा.

हेपबर्नवर मात्र राग धरू नका, ज्युलीनेही कधी धरला नाही.

सिंड्रेला टीव्हीवर लाइव्ह केला होता म्हणतात, खरं का?

खरं. ३१ मार्च १९५७, रविवार. रॉजर्स आणि त्याचा गीतकार जोडीदार हॅमरस्टीन यांनी खास टीव्हीसाठी आणि खास तिच्यासाठी लिहिलेलं म्युझिकल. सगळं थेट प्रक्षेपण, रिटेक नाही, कपडे बदलायला कॅमेरा दुसरीकडे वळेल तेवढाच वेळ. अमेरिकेत दहा कोटींच्या वर लोकांनी ते एका रात्रीत पाहिलं. आणि हे चालू असताना बाकी आठवडा ती माय फेअर लेडी करतच होती! प्रक्षेपण रंगीत होतं पण टिकून राहिली ती काळी-पांढरी प्रत. धूसर आहे, तरी नक्की बघा, एकवीस वर्षांची ज्युली लाइव्ह गाताना कशी दिसायची याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

कॅमेलॉट चाललं की पडलं?

दोन्ही म्हणता येईल. तीच टीम, लर्नर, लोव, हार्ट, त्यामुळे लोकांना दुसरी माय फेअर लेडी पाहिजे होती, आणि मिळाली राजा आर्थरची दुःखी गोष्ट. ब्रॉडवेच्या आधी टोरांटोला प्रयोग केले तर नाटक चार तासांच्या वर गेलं. लर्नर आजारी पडून हॉस्पिटलात, तो बाहेर येतोय तोवर हार्टला हार्ट अटॅक. नटांनी रोज नवीन कापाकापी पाठ करायची, आज एक गाणं आत, उद्या बाहेर. रिचर्ड बर्टन आर्थर होता आणि त्याने त्या गोंधळात सगळ्यांना धरून ठेवलं असं ज्युली सांगते. ३ डिसेंबर १९६० ला न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं, समीक्षकांनी नाकं मुरडली. मग टीव्हीवरच्या एड सलिव्हनच्या शोमध्ये त्यातले प्रवेश दाखवले आणि दुसऱ्या दिवशी तिकीटबारीवर रांग. शेवटी ८७३ प्रयोग झाले.

तिची ग्विनेव्हियर राणी एलायझाच्या अगदी उलट, ओरडणं नाही, मिश्कील, संयमी, दुसऱ्या अंकात हळूहळू विझत जाणारी. रेकॉर्डवर ऐकूनही कळतं की मधल्या चार वर्षांत ही मुलगी नटी झालीय.

साऊंड ऑफ म्युझिक तिने स्टेजवर पण केलं होतं का?

नाही! हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. १९५९ ला ब्रॉडवेवर मारियाची भूमिका मेरी मार्टिनने केली. ज्युली फक्त १९६५ च्या सिनेमात. मेरी पॉपिन्सचंही तेच, ते स्टेजवर फार नंतर, २००४ ला लंडनमध्ये आलं, त्यात ती नाही. आणि डोंगरावरच्या त्या सीनमध्ये हेलिकॉप्टरच्या वाऱ्याने ती दर टेकला गवतात आडवी व्हायची ही गोष्ट मात्र खरी आहे.

किती टोनी अवॉर्ड मिळाले?

टोनी म्हणजे ब्रॉडवेच्या नाटकांचं सगळ्यात मोठं बक्षीस. तर स्पर्धेतला एकही नाही. विश्वास बसत नाही ना? तीनदा नामांकन. माय फेअर लेडीच्या वेळी ज्युडी हॉलिडेला गेला, कॅमेलॉटच्या वेळी एलिझाबेथ सीलला. तिसरी वेळ १९९६, व्हिक्टर/व्हिक्टोरिया. त्या वर्षी अख्ख्या नाटकातून फक्त तिला एकटीला नामांकन मिळालं, दिग्दर्शक नाही, बाकी नट नाहीत, डिझायनर नाहीत कोणी नाही. तर एका दुपारच्या प्रयोगानंतर पडद्यासमोर उभं राहून तिने प्रेक्षकांना सांगितलं की मी हे नामांकन स्वीकारत नाही, ज्यांना डावललं त्यांच्या बाजूला उभी राहते.

तेव्हा काही लोक म्हणाले नाटक केलं, तिचा नवराच दिग्दर्शक होता ना. असेलही थोडं. पण बक्षीस मिळायची चांगली शक्यता असताना, साठाव्या वर्षी, ते हातचं सोडणं सोपं नाही.

कॅमेलॉटनंतर ब्रॉडवे सोडलंच का मग?

१९६२ ला कॅमेलॉट सोडलं ते थेट १९९५ ला परत. तेहेतीस वर्षं. मधे सिनेमा, टीव्ही, संसार. १९६८-७० च्या आसपास तिचे मोठे म्युझिकल सिनेमे आपटले, त्या जातीच्या सिनेमांचा काळच संपत आला होता. १९९३ ला ब्रॉडवेच्या बाहेर एका छोट्या थिएटरात संगीतकार सोंडहाइमच्या गाण्यांचा कार्यक्रम केला, जरा पाण्यात पाय घालून बघितल्यासारखा.

मग व्हिक्टर/व्हिक्टोरिया. १९८२ च्या तिच्याच सिनेमावरून. गायिकेला काम मिळत नाही म्हणून ती पुरुष असल्याचं सोंग घेते, असा पुरुष जो बाईचं सोंग घेऊन गातो. म्हणजे बाई जी पुरुष आहे जो बाई होतो. आपल्याकडे बालगंधर्वांच्या साड्या-शालूंची परंपरा असल्यामुळे आपल्याला यातली मजा जरा जास्तच कळायला हवी! संगीतकार हेन्री मॅन्सिनी काम पूर्ण व्हायच्या आधी १९९४ ला गेले, आणि खरं सांगायचं तर नाटकाचा सांगाडा ढिला होता. लोक आले ते तिच्यासाठी. ती नसली की तिकीटबारी पडायची. ७३४ प्रयोग ओढले, बहुतेक तिच्या एकटीच्या जोरावर.

तिचा आवाज नेमका कशाने गेला?

याच नाटकात घसा त्रास द्यायला लागला. वय साठीचं, आठवड्याला ८ प्रयोग, आणि भूमिका अशी की पुरुषी खर्ज पण लावायचा आणि शेवटी काच फोडणारा उंच सूर पण. जून १९९७ ला तिने नाटक सोडलं आणि घशाचं ऑपरेशन करून घेतलं. कॅन्सर वगैरे काही नव्हतं. काही आठवड्यांत बरी होईन असं तिला वाटत होतं, पण गाण्याचा आवाज परत आलाच नाही. १९९९ ला तिने कोर्टात दावा लावला, २००० मध्ये तो आपसात मिटला.

असं का होतं ते थोडक्यात. स्वरयंत्रात दोन पडदे असतात, त्यांच्यावर अगदी नाजूक ओलसर थर असतो, तो लाटेसारखा हलतो आणि त्यातून सूर निघतो. उंच सुराला ते सेकंदाला हजारावर वेळा हलतात. तिथे बारीकसा व्रण राहिला तरी तेवढी जागा ताठर होते, लाट तिथे अडते. बोलायला फारसं बिघडत नाही कारण बोलण्याचा सूर खालचा आणि छोटा, पण गाताना आवाज फाटतो, मधले सूर गायब होतात. म्हणून आज तिचं बोलणं तुम्हाला छान, भारदस्त वाटतं आणि तरी ती गात नाही, यात विसंगती काही नाही.

गाणाऱ्यांसाठी एक वाक्य सांगून ठेवतो, आवाज बसलेला असताना कार्यक्रम रेटू नका, दोन-तीन आठवड्यांवर बसलेला राहिला तर कान-नाक-घसावाल्याला दाखवा.

मग त्यानंतर काय केलं?

रडत बसली नाही, पण तिच्याच सांगण्यावरून तो काळ फार वाईट गेला. मुलगी एमाबरोबर मुलांसाठी पुस्तकं लिहायला लागली, ती ढीगभर झाली. २००० मध्ये डेम हा ब्रिटिश किताब. २००१ ला प्रिन्सेस डायरीज. त्याच्या दुसऱ्या भागात, २००४ ला, तिने एक गाणं अर्धं बोलत अर्धं गात म्हटलंय, चार-पाच सुरांच्या आतलं, म्हणजे रेक्स हॅरिसनची युक्ती शेवटी तिच्याच कामी आली.

स्टेजही सुटलं नाही, फक्त बाजू बदलली. २००३ ला द बॉय फ्रेंड दिग्दर्शित केलं, ज्याच्यापासून अमेरिकेत सुरुवात झाली होती तेच. नेपथ्य कोणाचं, तर पहिल्या नवऱ्याचं. आणि २०१६ ला सिडनी ऑपेरा हाऊसला माय फेअर लेडी, साठ वर्षं झाली म्हणून, १९५६ चं नेपथ्य आणि कपडे जसेच्या तसे उभे करून. मॉस हार्टने दोन दिवसांत जे भरलं ते तिने साठ वर्षांनी पुढच्या एलायझाला दिलं असणार.

लग्न, मुलं वगैरे?

पहिला नवरा टोनी वॉल्टन, तिच्याच गावचा, लहानपणचा मित्र, पुढे मोठा नेपथ्यकार झाला. १९५९ ला लग्न, १९६२ ला एमा, मग घटस्फोट, पण मैत्री शेवटपर्यंत. दुसरा ब्लेक एडवर्ड्स, सिनेदिग्दर्शक, १९६९ ला लग्न, २०१० ला तो जाईपर्यंत एकत्र. दोघांनी व्हिएतनाममधून दोन मुली दत्तक घेतल्या. बस, एवढं पुरे.

ती फारच गोडगोड आहे असं नाही वाटत?

सिनेमातली प्रतिमा तशी झाली खरी, आणि तिला स्वतःला त्याचा वैताग यायचा. पण एलायझाचा संताप ऐका मग बोला. तक्रारीत तथ्य असेल तर ते असं की तिचा सूर इतका बिनचूक असतो की काहींना तो थंड वाटतो. ब्रॉडवेची गायिका-नटी एथेल मर्मनसारखा छातीतून येणारा दणका तिच्याकडे नाही, घसा फाडून रडणं नाही. तिचं गाणं शब्दांतून काम करतं. तुम्ही इंग्रजी गाण्यात शब्दांकडे लक्ष देत नसाल तर तुम्हाला ती सपाट वाटू शकते, मी भांडणार नाही.

सुरुवात कुठून करू? काय ऐकू, काय बघू?

माय फेअर लेडीच्या तिच्या दोन रेकॉर्डिंग आहेत. १९५६ ची न्यूयॉर्कची, मोनो, आणि १९५९ ची लंडनची, स्टिरिओ. दुसरी ऐकायला स्वच्छ आणि सगळे मुरलेले, पण मी १९५६ चीच सांगेन, नवं नाटक नुकतंच सुरू झालंय, सगळे जीव तोडून गातायत, ती धडपड ऐकू येते. मग कॅमेलॉटची रेकॉर्ड. मग टीव्हीवरचा सिंड्रेला. व्हिक्टर/व्हिक्टोरियाचा स्टेजचा प्रयोग चित्रित झालेला आहे, डीव्हीडी निघाली होती, तिची अख्खी स्टेजवरची भूमिका बघायची तर तोच एक चांगला मार्ग, नाटक ढिलं आहे हे धरून चाला, आणि पहिला अर्धा तास कंटाळा आला तरी बंद करू नका.